दोन सेंटिमीटरची चूक

रविवारी संध्याकाळी मी पार्लरचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात काकू आल्या. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली, सोबत मुलगी. दहा-बारा वर्षं त्या आयब्रोसाठी माझ्याकडे येतात, केस मात्र घरीच रंगवतात. खुर्चीत बसल्यावरही ओढणी सोडेनात. शेवटी मुलीनेच हळूच सोडली.

दोन्ही कानशिलांवरचे केस हिरवे दिसत होते. गच्चीवरच्या टाकीच्या कडेला शेवाळ वाळून बसतं ना, तसा मळकट, करडा हिरवा. मुळांशी बोटभर तपकिरी, कानाच्या खाली तांबूस नारिंगी पट्टे, आणि टोकं जवळजवळ काळी. एकाच डोक्यावर चार रंग. मुलीचा साखरपुडा नऊ दिवसांवर आला होता. "अगं, मला फक्त काळे नको होते," एवढंच बोलल्या आणि त्यांना रडू आवरेना.

त्यांच्या परवानगीने, नाव न देता, हे सगळं लिहून काढतेय. लग्नसराईत अशी दोन-तीन डोकी तरी माझ्याकडे येतात आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आता यावर कुठली शेड लावू?" त्या प्रश्नापाशीच खरा घोळ असतो. काकूंच्या बाबतीत तो इतका स्पष्ट दिसला की एकदा नीट मांडावासा वाटला.

शनिवारी रात्री काय झालं

सगळ्यात आधी मी वही घेतली आणि तासातासाचा हिशोब विचारला. काय लावलं, किती वाजता, किती वेळ, त्याआधी काय लावलं होतं. रिकामी पाकिटं घरी कचऱ्याच्या डब्यात होती, ती मुलीला आणायला पाठवलं. हे फार महत्त्वाचं आहे. माणूस घाबरलेला असताना "ब्राऊन लावला" एवढंच सांगतो. पाकिटावर मात्र शेडचा नंबर असतो, डेव्हलपर (डायमध्ये किंवा ब्लीचमध्ये मिसळायचं पेरॉक्साईडचं द्रावण) किती टक्क्यांचा तेही असतं.

काकूंचं वय बावन्न. गेली चौदा-पंधरा वर्षं त्या काळा डाय लावतात. आधी पाकिटातली काळी मेंदी, नंतर काळ्या डायचं क्रीम. (काळी मेंदी हे नुसतं नाव. शुद्ध मेंदी केसाला काळं करूच शकत नाही, ती पांढऱ्या केसावर नारिंगी-तांबूस चढते. त्या पाकिटात बहुतेक वेळा पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमाईन हेच डायचं रसायन असतं.) शेवटचा काळा हात सहा आठवड्यांपूर्वी दिलेला. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे शनिवारी त्यांच्या डोक्यावर मुळाशी दोनेक सेंटिमीटर नवा केस होता, त्यात निम्म्याच्या आसपास पांढरा, आणि कानशिलांवर तर जवळजवळ सगळाच पांढरा. त्याखाली टोकापर्यंत काळ्या डायचे थरावर थर.

रात्री आठ वाजता त्यांनी लाईट ब्राऊनचा बॉक्स आणून पूर्ण डोक्यावर लावला. धुतल्यावर मुळाशी दोन सेंटिमीटर चकचकीत तांबूस तपकिरी, खाली सगळं जसंच्या तसं काळं.

यात बॉक्सचा दोष नव्हता. डायमधला अमोनिया आणि पेरॉक्साईड मिळून केसाचा नैसर्गिक काळेपणा थोडा हलवतात, पण आधी भरलेला डाय त्यांना हलत नाही. डायचे बारीक कण केसाच्या आत शिरून एकमेकांना चिकटतात आणि मोठे होऊन आतच अडकतात. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच: रंगाने रंग उतरत नाही. शिवाय मुळाशी डोक्याची ऊब असते, त्यामुळे तिथे रंग लवकर आणि जास्त उजळ चढतो. नवा केस, वर ऊब, त्यात पांढऱ्या केसांची भर. मुळं उजळली नसती तरच नवल.

रात्रीचे नऊ वाजले होते. इथे थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक फोन केला असता, तर मी फक्त त्या दोन सेंटिमीटरवर गडद तपकिरी लावून दिला असता. पाऊण तासाचं काम. खालचा काळा केस तसाच राहिला असता, मुळं त्याला मिळून गेली असती आणि साखरपुड्यात कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

पण आरशात काळी टोकं दिसत होती आणि हातात फोन होता. साडेअकरा वाजता धाकट्या मुलाला पाठवून मेडिकलच्या शेजारच्या दुकानातून केसांच्या ब्लीचची पावडर आणि डेव्हलपरची बाटली आणली. दुकानदाराने विचारलं, किती व्हॉल्यूम? मुलाने सांगितलं, सगळ्यात स्ट्राँग. म्हणजे ४० व्हॉल्यूम, १२ टक्के पेरॉक्साईड. (१० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९. हा हिशोब घरी रंगवणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावा.) ते मिश्रण हाताने, मोजे न घालता, समोरून मागे असं फासलं, वरून दुधाची पिशवी कापून बांधली आणि पन्नास मिनिटं ठेवलं. उजव्या कानामागे चुरचुरत होतं. "आग होते म्हणजे काम करतंय," असं वाटलं त्यांना.

धुतलं तेव्हा मधला केस लाल-नारिंगी, टोकं अजून गडद तांबडी-काळी आणि कानशिलं थेट पिवळी. रात्रभर झोप नाही. सकाळी त्यावर लिंबू लावलं, मग खाण्याचा सोडा लावला. दुपारी बारा वाजता तिसरा बॉक्स, ॲश ब्राऊन म्हणजे राखाडी झाकेचा तपकिरी. पाकिटावर लिहिलं होतं की नारिंगी छटा मारतो.

नारिंगी छटा खरंच बरीचशी मेली. पिवळी मात्र हिरवी झाली.

शनिवारी रात्री नऊ वाजता चूक दोन सेंटिमीटरची होती. रविवारी दुपारी ती चाळीस सेंटिमीटरची झाली. मधल्या पंधरा तासांत दर वेळी "आता यावर काय लावू" एवढाच विचार झाला होता. खाली आहे काय, हे एकदाही कुणी पाहिलं नव्हतं.

केस वाचायला बसले तेव्हा

मी त्या दिवशी काहीच लावलं नाही. सौम्य शाम्पूने सोडा आणि लिंबाचा अंश काढून टाकला, भरपूर कंडिशनर लावून मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवला, आणि मग टॉर्च घेऊन डोकं तपासलं.

उजव्या कानामागे रुपयाच्या नाण्याएवढी कातडी लाल होऊन सोलवटली होती. बाकी पूर्वतयारी काहीही असो, अशा कातडीवर रसायन जाता कामा नये. काकूंना म्हटलं, "उद्या सकाळी आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तेव्हाच मी हात लावणार." डोळ्यांवर सूज, कानातून किंवा मानेवरून पाणी येणं, श्वास जड होणं असं काही झालं तर रात्रीच दवाखान्यात जायचं, हेही मुलीला बजावून सांगितलं. पीपीडीची ॲलर्जी अशी गोष्ट आहे की पंधरा वर्षं डाय सहन झाला म्हणून सोळाव्या वर्षी होणार नाही, असं नसतं.

मग केसाची ताकद. प्रत्येक भागातून एकेक ओला केस घेऊन दोन बोटांत हलकेच ताणून पाहिला. चांगला ओला केस रबरासारखा थोडा ताणतो आणि परत जागेवर येतो. मधल्या भागातला आला. टोकांचा थोडा ताणून तुटला. कानशिलावरचा पिवळा केस मात्र शिजवलेल्या शेवईसारखा लांबच लांब ओढला गेला, परत आलाच नाही. तो केस बोटात घेऊन मी काकूंना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. त्यानंतर "आजच काहीतरी लाव" हा आग्रह आपोआप थांबला.

आणखी एक शंका होती. दीड वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून आणलेली "हर्बल" काळी पूड त्यांनी दोनदा लावली होती. अशा सुट्या पुडीत कधी कधी धातूचे क्षार असतात, आणि त्यांच्यावर पेरॉक्साईड पडलं की केस तापतो, धूरही येऊ शकतो, जागच्या जागी जळतो. दीड वर्ष म्हणजे मुळापासून वीसेक सेंटिमीटर खाली. नेमकी तिथली आणि त्याखालची एक बारीक बट मानेजवळून कापली, २० व्हॉल्यूम पेरॉक्साईडमध्ये अमोनियाचे वीस थेंब टाकले आणि त्यात अर्धा तास बुडवून ठेवली. बुडबुडे आले नाहीत, वाटी कोमट झाली नाही, बटेचा रंग झपाट्याने बदलला नाही. तेवढी काळजी मिटली. आदल्या रात्री १२ टक्क्यांचं मिश्रण पन्नास मिनिटं ठेवताना ही परीक्षा कुणी केली नव्हती. त्या पुडीत क्षार निघाले असते तर काय झालं असतं, या विचाराने माझ्या पोटात अजूनही गोळा येतो.

हिरवा आला कुठून

हे समजलं की पुढचं सगळं समजतं, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्या केसांत मूळ रंग दोन प्रकारचा असतो, एक काळा-तपकिरी आणि एक लालसर-पिवळा. ब्लीचमध्ये काळा आधी जातो, लाल-पिवळा चिवटपणे मागे राहतो. म्हणून काळा केस उजळायला लागला की आधी तांबूस तपकिरी, मग लाल-नारिंगी, मग नारिंगी, मग पिवळा आणि अगदी शेवटी लोण्यासारखा फिकट होतो. यातली एकही पायरी चुकत नाही. पार्लरमध्ये केलं तरी केस याच वाटेने जातो. मधला केस नारिंगीवर थांबला होता, कारण तिथे खाली मूळचा काळा केस होता आणि वर डाय.

कानशिलांची गोष्ट वेगळी. तिथला केस मूळचाच पांढरा. त्याच्यात स्वतःचा काळा नाही, लालही नाही. काळेपणा सगळा डायचा. ब्लीचने तो डाय फोडला तेव्हा खाली टेकायला लालसर-नारिंगी काही नव्हतंच, राहिला फक्त फिकट पिवळा डाग. त्या पिवळ्यावर ॲश ब्राऊन गेला. ॲश शेडचा पाया निळा-हिरवा असतो. निळा नारिंगीला मारतो, म्हणून मधल्या भागात त्याने काम बरं केलं. पिवळ्यावर निळा टाकला तर काय होतं, ते शाळेत रंगपेटी उघडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

तपकिरी रंगात लाल, पिवळा, निळा तिन्ही असावे लागतात. कानशिलावर लाल नव्हता. म्हणून तिथे कितीही चांगल्या कंपनीचा ब्राऊन लावला असता तरी तो मळकाच दिसला असता. हरवलेला लाल-नारिंगी आधी परत भरायचा आणि मग त्यावर तपकिरी, हा उपाय. आम्ही त्याला फिलर म्हणतो. भिंतीला रंगाआधी प्रायमर मारतात तसंच. हिरव्या डोक्याला तांबडा रंग लावणार म्हटल्यावर काकूंच्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ताई, अजून लाल?" असं तिने तीनदा विचारलं.

तीन वाटा

सोमवारी डॉक्टरांनी मलम दिलं आणि कातडी सुकेपर्यंत तिथे काही लावू नका असं सांगितलं. मंगळवारी आम्ही तिघी बसलो.

सगळं पुन्हा ब्लीच करून एकसारखं उजळ करायचं, ही मुलीची इच्छा. मी सरळ नाही म्हटलं. शेवईसारखा ताणणारा केस आणखी एक ब्लीच सोसत नाही, तो मुळापासून दोन बोटांवर तुटतो. तुटलेल्या केसाला कुठलीच शेड लागत नाही.

पुन्हा काळा करून टाकायचा, ही काकूंच्या यजमानांची सूचना. घरोघरी हाच उपाय सुचतो आणि तो पूर्ण चुकीचा आहे असंही नाही. पण भुसभुशीत झालेला केस रंग भराभर पितो आणि तितक्याच भराभर सोडतो. सात-आठ धुण्यांत कानशिलं पुन्हा हिरवट-राखाडी दिसली असती. शिवाय काकूंना काळ्यातून बाहेर पडायचं होतं. पंधरा वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी काही मागितलं होतं. चूक झाली म्हणून ती इच्छाच पुसून टाकावी, हे मला पटेना.

राहिली मधली वाट: टोकं सहा सेंटिमीटर कापायची, बाकीच्यावर अमोनिया नसलेला, कमी ताकदीच्या डेव्हलपरवर चालणारा मध्यम तपकिरी, आणि जिथे पिवळा-हिरवा तिथे आधी फिलर. ब्लीच अजिबात नाही. एकसारखा रंग मिळेल असं वचन मी दिलं नाही. "लोकांना एक रंग वाटेल, मला दोन दिसतील," एवढं सांगितलं.

डाय काढणारे रिमूव्हरही मिळतात. नुसत्या काळ्या डायवर ते ब्लीचपेक्षा बरे, कारण ते डायचे जोडलेले कण सुटे करतात, मूळ रंगाला फारसा हात लावत नाहीत. पण सुटे झालेले कण खूप वेळ धुऊन काढावे लागतात, नाहीतर हवा लागून रंग परत गडद होतो. काकूंच्या डोक्यावर ब्लीच होऊन गेलं होतं, त्यामुळे तो विचार सोडला. शनिवारी रात्रीच त्या आल्या असत्या तर मी त्याचा विचार केला असता.

पाच बटा, पाच दोरे

त्याच मंगळवारी कोपराच्या आतल्या बाजूला वापरायच्या रंगाचा ठिपका लावून ॲलर्जीची चाचणी केली. ती ४८ तास बघायची असते. आणि बटांवर प्रयोग केले. कानशिलाच्या आतल्या बाजूने चार आणि मधल्या भागातून एक अशा पाच बारीक बटा वेगळ्या केल्या आणि प्रत्येकीला शिलाईच्या डब्यातला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला.

पांढऱ्या दोऱ्याची बट फिलरशिवाय, थेट ४ नंबरचा तपकिरी (शेडचा नंबर जितका लहान, तितका रंग गडद). वाळल्यावर ती ओल्या सिमेंटसारखी दिसली, वर हिरवट झाक. मुलीला ही बट मुद्दाम दाखवली. "अजून लाल?" हा प्रश्न तिथे संपला.

पिवळ्या दोऱ्याच्या बटेला लालचा भर जास्त असलेला फिलर दिला. इथे माझा अंदाज चुकला. वर तपकिरी गेल्यावर बट जांभळट चेरीसारखी निघाली. पांढऱ्या केसावर लाल एकदम चढतो, हे माहीत असूनही हात जड पडला. एका बटेवर चुकलं म्हणून अख्खं डोकं वाचलं. बटेवर करून बघण्याचा सारा उपयोग हाच.

निळ्या दोऱ्याला ६ नंबरइतका उजळ तांबूस-सोनेरी फिलर, वीस मिनिटं, मग पाण्याने धुऊन टिपून घेतला आणि वर ४ नंबर. रंग सुरेख, पण फार गडद, जवळजवळ काळा. भुसभुशीत केस रंग जास्त पितो त्याचा हा परिणाम. हिरव्या दोऱ्याला तोच फिलर आणि वर ५ नंबर. ही वाळल्यावर बरोबर ४ सारखी दिसली: भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीपेक्षा एक पायरी गडद, उन्हात धरली की आत ऊब. काकूंनी ती बट कानाजवळ धरून आरशात पाहिली आणि रविवारनंतर पहिल्यांदा हसल्या.

पाचवी, काळ्या दोऱ्याची, मधल्या नारिंगी भागातली. तिथे फिलर नकोच होता, नारिंगी आधीच हजर होता. ५ नंबरमध्ये किंचित ॲश मिसळून लावला आणि तो हिरव्या दोऱ्याच्या शेजारी ठेवला तर फरक शोधावा लागला. ज्या ॲशने कानशिलं बिघडवली, तोच ॲश इथे औषध ठरला.

मधल्या दिवसांसाठी काकूंना घरचं काम दिलं. धुण्याच्या आदल्या रात्री केसांच्या लांबीला खोबरेल, कातडीला नाही, आणि कानामागच्या जखमेजवळ तर अजिबात नाही. खोबरेल रंग काढत नाही, तुटलेला केस जोडतही नाही. पण धुताना केसातलं प्रोटीन कमी वाहून जातं. हे फक्त आजीचं म्हणणं नाही, मुंबईत रेळे आणि मोहिले या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑईल यांची तुलना करून २००३ साली ते छापलं. खोबरेल केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन्ही तशी उपयोगी पडली नाहीत. ब्लीच झालेल्या केसालाही त्याचा फायदा दिसला, म्हणून मी ते निश्चिंतपणे सांगते. रंगवायच्या दिवशी मात्र तेलाचा थेंबही राहता कामा नये.

शुक्रवार

कोपरावरचा ठिपका स्वच्छ होता. कानामागे खपली धरली होती. तिच्याभोवती दोन बोटं जागा व्हॅसलिनने झाकली आणि तिथले केस चिमट्याने वर बांधून ठेवले. ते मी रंगवलेच नाहीत.

आधी कात्री. ओले न करता कापले, म्हणजे खराब टोक कुठे सुरू होतं ते दिसतं. सहा ठरले होते, साडेसात सेंटिमीटर गेले. नंतर डोक्याचे चार भाग केले, प्रत्येक भागात हिरवा पट्टा कुठून कुठपर्यंत हे वहीत काढलेल्या चित्राशी ताडून पाहिलं, आणि फिलर फक्त तेवढ्यावरच ब्रशने लावला. डाव्या कानशिलावर तो सहा सेंटिमीटर लांब होता, उजवीकडे नऊ, कारण काकू उजव्या हाताने लावतात आणि सुरुवात त्या बाजूने झाली होती. भांगात एक दोन बोटांचा तुकडाही होता, तो रविवारी ओढणीच्या घडीखाली लपला होता आणि मला मंगळवारी सापडला.

दर पाच मिनिटांनी एक बट टिपून बघत गेले. अठराव्या मिनिटाला हिरवा पूर्ण गेला आणि तिथे गाजराच्या हलव्यासारखा रंग आला. त्या क्षणी डोकं आधीपेक्षा भयंकर दिसतं. म्हणून मी काकूंची खुर्ची आरशाकडे पाठ करून ठेवली होती. फिलर धुतला, शाम्पू नाही, टॉवेलने टिपलं. मग कानशिलांवर ५ नंबर, मधल्या भागात ५ मध्ये थोडा ॲश, मुळाशी ४ आणि ५ मिसळून. मुळांना पांढऱ्यासाठी जास्त ताकदीचा रंग द्यायची वेळ आली नाही, रविवारच्या ॲश ब्राऊनने तिथे पांढरे झाकले होते आणि तेवढं पुरे होतं. शेवटची पाच मिनिटं तोच रंग पाणी घालून पातळ करून टोकांवर फिरवला.

आमच्या भागात बोअरचं पाणी येतं. त्यातल्या क्षारांनी असा केस लगेच राठ होतो, म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याने दिला. कटिंग धरून सगळं मिळून साडेचार तास लागले.

वाळवल्यावर खुर्ची फिरवली. काकूंनी दोन्ही हातांनी कानशिलावरचे केस मागे सारले, पुन्हा पुढे आणले, परत मागे सारले. काही बोलल्या नाहीत. मुलीने फोटो काढला तेव्हा मात्र म्हणाल्या, "थांब, टिकली लावू दे."

त्यानंतर

तीन दिवस धुवायचं नाही, गीझरचं कडक पाणी नाही, कोंड्याचा शाम्पू नाही (तो रंग लवकर उतरवतो), हे सांगून पाठवलं. सोमवारी पहिलं धुणं माझ्यासमोरच केलं. ट्यूबलाईटखाली डाव्या कानशिलावर खाकी झाक परत डोकावली. उन्हात दिसत नव्हती, पण हॉलमध्ये पांढरे दिवे असणार होते. तांबूस रंगाचा मास्क दहा मिनिटं ठेवला, झाक गेली. असं होणार हे धरूनच मी साखरपुड्याच्या आदला दिवस मोकळा ठेवला होता. भुसभुशीत केसावर पहिला रंग कधीच पूर्ण टिकत नाही.

मंगळवारी साखरपुडा झाला. अंबाड्यावर गजरा, कानशिलं समोरून दिसतील अशी. फोटोत एकच रंग दिसतो.

तीन आठवड्यांनी रंग उतरून मधला भाग थोडा तांबूस झाला, तेव्हा पुन्हा एकदा पातळ हात दिला. दर सहा आठवड्यांनी काकू आता मुळांसाठी येतात, आणि ब्रश फक्त मुळांवरच फिरतो. रंगलेल्या केसावर पुन्हा रंग ओढायचा नाही, हे त्यांनी इतकं मनावर घेतलंय की मी लावत असताना त्या आरशात बोटभर अंतर मोजत असतात. उजव्या कानामागे केस नीट आले, कातडीवर खूण राहिली नाही.

परवा सात महिने झाले. मुलीचं लग्नही होऊन गेलं. ट्रिम करताना उजव्या कानशिलाची बट कंगव्यावर घेतली, तर तो जुना पट्टा आता कानाच्या पाळीच्या खाली उतरलाय. वरचा आठ सेंटिमीटर केस घट्ट, तुळतुळीत. मग बोटांना एक खरखरीत जागा लागते, तिथून पट्टा सुरू होतो. ताणून पाहिला. अजून थोडा लांबतो, पण परत येतो. "दिसतोय का गं?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, "मला दिसतो. अजून दोन वर्षं राहील, मग कात्रीखाली येईल." त्या म्हणाल्या, "असू दे," आणि तांबूस मास्कची वाटी स्वतःच माझ्याकडे सरकवली.